निरोप पोचतच नव्हता

आमची संस्था जखमी भटक्या जनावरांवर उपचार करते. सोशल मीडिया मी सांभाळते. रोज एक पोस्टर, खाली 'मदत करा', आणि प्रतिसाद जवळपास शून्य. लोकांना आस्थाच उरली नाही, असं वाटून मी खचले होते.

मग एका जुन्या देणगीदार काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, तुमचा मेसेजच येत नाही मला." तिथे उलगडा झाला. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवरचा, म्हणजे एकाच वेळी अनेकांना वेगवेगळा जाणारा मेसेज आपला नंबर सेव्ह केलेल्यांनाच मिळतो. शिवाय एका लिस्टमध्ये 256 जणच बसतात. एकेकाला फोन करून नंबर सेव्ह करायला लावला. दोन आठवडे मोडले, पण ते करणं भागच होतं.

इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक उघडत नाही, म्हणून ती बायोमध्ये, म्हणजे प्रोफाइलवरच्या ओळखीत टाकली.

पोस्टर बंद केले. त्याऐवजी एका कुत्रीच्या पायाचं प्लास्टर काढतानाचा व्हिडिओ टाकला. आधी ती पाय उचलूनच उभी राहिली, मग हळूच टेकवला. खाली उपचारांचा सगळा हिशेब दिला. रात्री जागून प्रत्येक कमेंटला स्वतः उत्तर दिलं. त्यातलेच चौघं आता दर रविवारी जखमा धुवायला येतात.