अलॉय घेताय? पैसे देण्याआधी स्टेपनी लावून बघा

स्टीलचे रिम काढून अलॉय (मिश्रधातूचे रिम) बसवले की डिकीतली स्टेपनी बहुतेक वेळा स्टीलचीच राहते, आणि अलॉयबरोबर आलेले नट तिला चालतीलच असं नाही, हे आपल्याला कळतं ते पंक्चर झाल्यावर रस्त्याच्या कडेला.

आधी ठरवा अलॉय हवेत का. रोजचा रस्ता खड्ड्यांचा असेल तर माझं मत सरळ स्टील, कारण स्टीलचा रिम वाकला तर ठोकून बऱ्याचदा सरळ होतो, अलॉयला मात्र तडा जाऊ शकतो.

तरी घ्यायचेच असतील तर दुकानातच हे करा:

१. चार नटांची गाडी असेल तर समोरासमोरच्या दोन नटांचं अंतर मोजा, एकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या आतल्या कडेपर्यंत. हाच पीसीडी, म्हणजे नट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. १०० मिमी असेल तर अलॉयही १०० चाच पाहिजे, "जरा आवळलं की बसतं" असं कुणी म्हटलं तर तिथून निघा.

२. एक चाक काढून अलॉयच्याच नटांनी स्टेपनी लावायला सांगा. नटाचं टोक रिमच्या खाचेत नीट बसत नसेल तर जुने नट पिशवीत घालून जॅकजवळच ठेवा, भंगारात देऊ नका.

३. टायरवाल्याला नट टॉर्क रेंचने (किती जोराने आवळायचं ते ठरवता येणारा पाना), गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळायला सांगा.

आणि हो, नवीन रिमवर ५०-१०० किमी चालवलं की नट परत एकदा चेक करून घ्या. तडा गेलेला अलॉय वेल्डिंग करून पुन्हा वापरू नका, कितीही स्वस्तात होत असलं तरी.