उन्हाळ्यात पीएस प्लेट धुताना

लग्नसराईत पत्रिकांची कामं येतात तेव्हाच विदर्भातला पारा ४५ अंशांवर जातो. ऑफसेट छपाईची पॉझिटिव्ह पीएस प्लेट म्हणजे उजेडाला संवेदनशील थर चढवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा; उजेड लागलेला थर डेव्हलपरच्या द्रावणात सुटतो, उरलेला अक्षरं छापतो. हा डेव्हलपर मात्र २२ ते २५ अंशांवरच नीट काम करतो. तो गरम असेल तर न जळलेला, म्हणजे उजेड न लागलेला थरही सुटतो, बारीक अक्षरांच्या वेलांट्या आधी उडतात. म्हणून डेव्हलपर माठातल्या गार पाण्यात कालवा. प्रमाण डब्यावरचंच ठेवा, अंदाजपंचे नको. ट्रेमध्ये थर्मामीटर हवाच. हातात रबरी मोजे घाला, डेव्हलपर अल्कधर्मी असतो, कातडी सोलते.

प्लेट पिवळ्या दिव्याखालीच उघडा. मजकुराच्या फिल्मची इमल्शन (काळा थर असलेली) बाजू प्लेटला टेकवा. वरून मजकूर सरळ वाचता आला पाहिजे. फिल्म प्लेटला घट्ट दाबणारा व्हॅक्यूम पूर्ण बसेपर्यंत एक्स्पोजरचा (प्लेटवर उजेड टाकण्याचा) दिवा लावू नका, फट राहिली की कडा खातात.

एक्स्पोजर घड्याळावर सोडू नका. गावात व्होल्टेज पडलं की दिव्याचा उजेड घटतो, तेवढ्याच सेकंदांत प्लेट कच्ची राहते आणि कोऱ्या जागी शाई धरते. दर वेळी कडेला स्टेप वेज (फिकट ते गडद पायऱ्यांची फिल्मपट्टी) लावा. डेव्हलप केल्यावर साधारण तिसरी-चौथी पायरी स्वच्छ निघाली की वेळ बरोबर.

नंतर दोन्ही बाजूंनी भरपूर पाण्यानं धुवा. पाण्याचे थेंब तसेच वाळले तर ॲल्युमिनियमवर ऑक्सिडेशनचे ठिपके येतात आणि ते छापतात. त्यामुळे लगेच गम (प्लेट जपणारं डिंकाचं द्रावण) लावा, पण अगदी पातळ, आणि कोरड्या मऊ कापडानं एकसारखा पुसा. जाड गम वाळला की अक्षरं शाईच घेत नाहीत.