कूबर पेडीला गाडीने जाताना

दक्षिण ऑस्ट्रेलियातील कूबर पेडी हे ओपल रत्नांच्या खाणींचे गाव ॲडलेडच्या उत्तरेस सुमारे ८५० किलोमीटरवर, स्टुअर्ट महामार्गालगत वसलेले आहे. १९१५ साली एका चौदा वर्षांच्या मुलाला येथे ओपल सापडला आणि पुढे खाणकामगारांनी उन्हापासून बचाव करण्यासाठी टेकड्यांच्या पोटात घरे कोरली. उन्हाळ्यात (डिसेंबर ते फेब्रुवारी) येथील पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, म्हणून एप्रिल ते सप्टेंबर हा काळ प्रवासासाठी निवडावा. मात्र जून-जुलैच्या रात्री कडाक्याच्या असतात, त्यामुळे गरम कपडे न्यावेत.

हे अंतर एका दिवसात कापण्याचा अट्टहास धरू नये. पहिला मुक्काम पोर्ट ऑगस्टा येथे करावा आणि उरलेले सुमारे ५४० किलोमीटर दुसऱ्या दिवशी, ऊन वर आल्यावर निघून सूर्यास्तापूर्वी पूर्ण करावेत. रस्ता सरळ आणि उत्तम डांबरी असला तरी पहाटे, संध्याकाळी आणि रात्री कांगारू अचानक गाडीसमोर येतात. भाड्याची गाडी असेल तर अंधारात चालवल्यास विमा लागू राहतो की नाही, हे करारात आधीच वाचून घ्यावे.

इंधनाच्या बाबतीत मी कमालीचा काटेकोर राहतो आणि तुम्हीही राहावे. वाटेतली ग्लेनडॅम्बो ही छोटी वस्ती सोडल्यानंतर कूबर पेडीपर्यंत सुमारे २५० किलोमीटर एकही पंप नाही, आणि समोरून वारा असेल व वातानुकूलन चालू असेल तर इंधन नेहमीपेक्षा बरेच अधिक लागते. म्हणून टाकी निम्मी भरलेली असली तरी तेथे ती काठोकाठ भरावी. माणशी किमान पाच लीटर पाणी आणि हवा भरलेले जादा चाक गाडीत असावे. गावे सोडली की मोबाइलची रेंज जाते, तेव्हा नकाशे आधीच उतरवून घ्यावेत आणि पोहोचण्याची अंदाजे वेळ कोणाला तरी कळवून ठेवावी. गाडी बंद पडली तर काहीही झाले तरी तिला सोडून चालत निघू नये, कारण उघड्या माळावर एकट्या माणसापेक्षा गाडी कितीतरी लवकर दिसते, शिवाय तिची सावलीही मिळते.

या मार्गावर पन्नास मीटरहून लांब रोड ट्रेन, म्हणजे मागे अनेक डबे जोडलेले मालट्रक, भेटतात. त्यांना ओलांडण्यासाठी समोरचा रस्ता खूप दूरवर मोकळा दिसला पाहिजे. समोरून अशी गाडी आली, तर हवेच्या झोताने आपली गाडी हलते, म्हणून दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरावे. महामार्गाचा मोठा भाग वूमेरा या लष्करी चाचणीक्षेत्रातून जातो, त्यामुळे परवान्याशिवाय आडवाटेला शिरू नये.

गाव जवळ आले की दोन्ही बाजूंना खाणीतून उपसलेल्या मातीचे पांढरट-गुलाबी शंकू दिसू लागतात. प्रत्येक शंकूशेजारी साधारण माणूस मावेल एवढ्या तोंडाची, खोल आणि बहुधा उघडी खाणीची विहीर असते. छायाचित्र घेताना एक पाऊलही मागे सरकू नये आणि मुलांचा हात सोडू नये. ओपल शोधण्याची हौस असेल, तर ज्वेलर्स शॉप रोडवरील सार्वजनिक जागेतच ढिगारे हाताने चाळावेत.

एक रात्र तरी जमिनीखालच्या खोलीत काढावीच. भिंतींवर बोगदा कोरणाऱ्या यंत्राच्या दातांच्या गोलाकार खुणा तशाच असतात, तांबड्या-पांढऱ्या वालुकाश्मावर हात फिरवला की त्या बोटांना जाणवतात, आणि बाहेर कितीही ऊन वा थंडी असली तरी आतले तापमान बावीस-पंचवीस अंशांच्या आसपास राहते. दिवा मालवल्यावर काळोख इतका गडद होतो की उशाशी विजेरी ठेवलेली बरी.

दुसऱ्या दिवशी उत्तरेकडील सुमारे तीस किलोमीटरवरच्या कांकू-ब्रेकअवेज टेकड्या पाहाव्यात. त्यांचा परवाना गावातच काढावा, आणि सूर्यास्त तेथे पाहायचा असेल तर परतताना वेग अगदी कमी ठेवावा.