मूठ वळते, पण उलगडते का? पक्षाघातानंतरचे पहिले दिवस

"मॅडम, आमचे बाबा पुन्हा चालतील ना?" सासवड-मंचरहून पुण्यात पेशंटला घेऊन आलेली माणसं वॉर्डाच्या दारातच मला हे विचारतात. अंगावरून वारं गेलं की घर हादरून जातं. पण या प्रश्नाचं बरंचसं उत्तर पहिल्या आठवड्यात पलंगाशीच मिळू शकतं. पेशंटला उठवायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर फिजिओसोबत हे पाहा. (तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं आत्ताच सुरू झालं असेल, तर पुढे वाचू नका, १०८ ला फोन करा.)

आधी हात. नातेवाईक हमखास म्हणतात, "बाबा, माझा हात दाबा." त्यांनी दाबला की सगळ्यांना हायसं वाटतं. पण मूठ नुसत्या ताठरपणानेही आवळली जाते. बोटं उलगडणं ही खरी मोलाची खूण आहे, कारण त्यासाठी मेंदूपासून हातापर्यंतची वाट थोडी तरी शाबूत असावी लागते. हात उशीवर पालथा ठेवा आणि बोटं वर उचलायला सांगा. बोलणं समजत नसेल तर स्वतः करून दाखवा. मग दंड अंगापासून बाजूला उचलता येतो का, ते पाहा. लुळा हात मात्र कधीही ओढू नका, खांदा निसटतो.

दोन्ही हालचालींना ० ते ५ गुण द्यायचे. अजिबात हालचाल नाही तर ०, स्नायू नुसता फुरफुरला तर १, हाता-बोटांचं स्वतःचं वजन पेलून वर उचलता आलं तर ३, पूर्ण ताकद असेल तर ५. तिसऱ्या दिवशी बेरीज ५ किंवा जास्त आली तर हात कामाला येण्याची आशा चांगली, वय ८० च्या आत असेल तर जास्तच. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात पहिल्या ७२ तासांत दोन्ही हालचाली थोड्या तरी दिसलेल्यांपैकी ९८ टक्के लोकांच्या हातात सहा महिन्यांनी काही ना काही कौशल्य परतलं होतं. काहीच न दिसलेल्यांपैकीही चौघांतल्या एकाच्या हातात ते आलं. म्हणून शून्य आलं तरी व्यायाम सोडायचा नाही.

मग बसणं. पाय जमिनीला टेकवून, टेकू न घेता पलंगाच्या कडेला ३० सेकंद बसता येतं का? कमजोर बाजूला एकाने उभं राहायचंच. सोबत त्या पायात थोडी ताकद दिसली, तर पुढे चालता येण्याची शक्यता फार मोठी असते. आठवड्याने कूस बदलणं आणि आडवं असताना उठून बसणंही तपासा.

रोजचे गुण तारीख घालून वहीत लिहा.

चालू लागल्यावर सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने १० मीटर आखा, मागेपुढे थोडी जागा सोडा आणि वेळ मोजा. साधारण साडेबारा सेकंदांत अंतर कापलं, तर बाहेर वावरण्याइतका वेग आला. २५ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील, तर लक्ष्मी रस्ता ओलांडताना बाबांचा हात धरायला कुणीतरी सोबत हवंच.