जादा डिझेल टाकी बसवताना
पुण्याहून थेट स्पितीला जीप न्यायची म्हणून जादा टाकी लावताय? आधी ब्रीदरची नळी बघा, म्हणजे टाकीत हवा आत-बाहेर जाऊ देणारी नळी. ती डिझेल भरायच्या तोंडापेक्षा वर नेऊन मग खाली वळवा. नाहीतर पहिल्याच घाटाच्या चढावर डिझेल ठिबकायला लागतं आणि आठवडाभर गाडीत वास. नळी चेपली तर डिझेल ओढलंच जात नाही, इंजिन आचके देतं. 45 लिटर डिझेल म्हणजे जवळजवळ 38 किलो, टाकीचं वजन वेगळं. म्हणून ती चासीलाच बांधा, खाली रबर घालून, सायलेन्सरपासून लांब. आत आडव्या पट्ट्या हव्यातच, नाहीतर ब्रेक मारला की सगळं डिझेल हेलकावतं. हे वेल्डरला आधीच सांगा. एकदा डिझेल भरलेली टाकी नंतर कापायला शहाणा माणूस धजत नाही. आरटीओची परवानगी आणि विमा कंपनीला लेखी कळवणं, दोन्ही कंटाळवाणं, पण काम सुरू करण्याआधी.