उन्हाळ्यात फूल टिकतं, पण वास?

उन्हाचा चटका वाढला की फूल टवटवीत राखायची धडपड सगळेच करतात. वासाची आठवण येते ती गिऱ्हाईक फूल नाकाशी धरून परत ठेवतं तेव्हा.

वास म्हणजे पाकळीत भरून ठेवलेलं अत्तर नव्हे. पाकळीच्या पेशी तो बनवत राहतात आणि बनेल तसा तो हवेत उडतो. त्याला लागणारी साखर झाडावर पानांकडून मिळते. दांडा कापला की फूल बरोबरच्या शिदोरीवर जगतं. तापमान १० अंशांनी चढलं की फुलाचं श्वसन साधारण दुप्पट-तिप्पट होतं आणि ही शिदोरी लवकर संपते. म्हणून काढणी उन्हं चढण्याआधी उरका आणि माल लगेच सावलीत घ्या.

मोगरा आणि निशिगंध मात्र तोडल्यावरही वास बनवत राहतात. फ्रान्समधल्या ग्रास गावचे अत्तरवाले याच गुणावर जगले: चरबी माखलेल्या काचेवर जाई-निशिगंधाची फुलं पसरायची आणि त्यांनी सोडलेला वास चरबीत मुरू द्यायचा. गुलाबाला हा प्रकार फारसा मानवत नाही, जुन्या पद्धतीत त्याचा वास गरम करून काढत. मोगऱ्याची कळी पूर्ण भरलेली, पांढरीशुभ्र पण मिटलेली हवी. ती संध्याकाळी उमलते आणि वासही तेव्हाच सुटतो. वजनासाठी हिरवट कळ्या ओढल्या तर त्या अर्धवट उघडतात आणि वास बेताचाच. कळ्यांवर पाणी मारून पिशवी घट्ट बांधू नका. आत वाफ धरते, कळी तपकिरी पडते आणि वास आंबूस होतो.

निशिगंधाचे दांडे खालची दोन-तीन फुलं उमलली की काढा. शीतगृहात फार दिवस पडलेल्या दांड्यांच्या वरच्या कळ्या पुष्कळदा उमलतच नाहीत. कळी उमलली नाही तर वास कुठला?

गुलाबात निम्मा निकाल वाणावरच लागतो. फुलदाणीत दीर्घकाळ टिकणारे बहुतेक वाण वासाला फिके असतात, ते कुठल्याही औषधाने सुगंधी होत नाहीत. सुगंधी वाणही थंडीत मुका वाटतो, कारण गारव्यात वास फारसा उडत नाही. त्यामुळे शीतगृहाच्या दारात वास घेऊन माल नापास करू नका. देठाचं टोक तिरकं कापून दांडे स्वच्छ पाण्यात ठेवा, काही तास बाहेर राहू द्या, मग हुंगा.

शीतगृहात पिकलेली फळं शेजारी नकोत. त्यांच्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने कार्नेशन या फुलाच्या पाकळ्या आत वळून मिटतात, वासही जातो. डिझेलच्या धुरातही तोच वायू असतो. गाडी भरताना इंजिन बंद ठेवा.

बादलीतल्या पाण्यात लिटरला २० ग्रॅम साखर चालते, पण जंतुनाशकासोबतच. नुसत्या साखरेने जिवाणू वाढतात आणि देठाच्या नळ्या तुंबतात. बादलीला कुजका दर्प येत असेल तर पाणी बदलून भागत नाही. आतला बुळबुळीत थर बोटाला लागतोय का पाहा आणि ब्रशने घासून काढा.