जर्मन कुटुंबात राहायला जाताय? संध्याकाळचं जेवण त्यांच्याच टेबलावर

नाशिकहून जर्मनीला शिकायला जाताना होस्टेलऐवजी एखाद्या कुटुंबात राहणार असाल, तर आधीच ठरवून ठेवा: शक्य तितक्या दिवशी संध्याकाळी त्यांच्यासोबत जेवायचं. भाषा तिथेच सुटते, ओळखही तिथेच होते. दार लावून फोनवर बसणाऱ्या मुलाला सहसा कोणी हाका मारत नाही. त्याला एकटं राहायचंय असं समजून घरचे बाजूला होतात.

अडचण होते ती फोनच्या वेळेची. उन्हाळ्यात आपण जर्मनीच्या साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार. घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. उन्हाळ्यात आई मागचं आवरून साडेदहाला फोन करते, तेव्हा तिथे सात वाजलेले असतात आणि ताटं मांडली जात असतात. म्हणून घरी सांगून ठेवा: उन्हाळ्यात रात्री नऊला, हिवाळ्यात दहाला फोन करायचा. दोन्ही वेळा तिथे साडेपाच वाजतात.

बऱ्याच घरांत रात्रीचं जेवण थंडच असतं: पाव, चीज, काकडी, लोणी. तुमचं आदरातिथ्य कमी पडलं असं मनात आणू नका. आणि आग्रहाची वाट पाहू नका. एकदा ‘नको’ म्हटलंत की भांडं पुढे सरकतं. हवं असेल तर पहिल्याच वेळी ‘हो’ म्हणा. नुसतं ‘शाकाहारी’ म्हणूनही भागत नाही. मांस, मासे, अंडी, जिलेटिन यांतलं काय चालतं आणि काय नाही, हे जाण्याआधीच ईमेलवर एकेक करून कळवा. जेलीच्या गोळ्यांत बहुतेकदा जिलेटिन असतं.

बाथरूममध्ये शॉवरबाहेर बहुधा मोरी नसते, त्यामुळे बादलीनं अंघोळ केली की पाणी फरशीवरच साचतं. अंघोळीनंतर काच पुसा, हीटर बंद करून खिडकी पाच-दहा मिनिटं सताड उघडा, नाहीतर भिंतीला बुरशी धरते. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, आणि रविवारी व्हॅक्यूम क्लीनर नको.

बॅगेत पेढे, बर्फी, तूप भरू नका. प्रवाशांना बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत. आपली द्राक्षंही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. मनुके, पापड, कोरडा मसाला न्या. भेट म्हणून येवल्याच्या पैठणीच्या कापडाचा छोटा बटवा छान.

पहिल्या महिन्यात एका शनिवारी मिसळ करा, आणि कोणाला शेंगदाण्याची किंवा गव्हाची ॲलर्जी आहे का ते आधी विचारा. फरसाणात शेंगदाणे असतात, आणि बाजारातल्या हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो. चौघांसाठी २०० ग्रॅम मटकी (तिथल्या इंडियन स्टोअरमध्ये मिळते, नसेल तर मूग) रात्रभर भिजवून फडक्यात बांधा. थंडीत मोड यायला दोन दिवस लागतात. ओव्हन न तापवता नुसता दिवा लावून आत ठेवली तर लवकर येतात. दोन कांदे, अर्धी वाटी सुकं खोबरं, इंचभर आलं आणि सात-आठ लसूण पाकळ्या मंद आचेवर भाजून वाटा. तेल धुराला आलं की गडबड होते: झोपायच्या खोल्यांत आणि पॅसेजमध्ये स्मोक डिटेक्टर सक्तीचा असतो, आणि किचन उघडं असेल तर तो किंचाळतोच. म्हणून आच मध्यम, एक्झॉस्ट चालू, किचनचं दार बंद. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटतो का ते पाहा. रस्सा अगदी सौम्य ठेवा, तर्री वेगळ्या वाटीत द्या, सोबत दही आणि पापड. ज्याला जेवढी झेपेल तेवढी तो घेईल. नंतर ओटा आणि भोवतीच्या फरशा गरम पाण्यानं लगेच पुसा. हळदीचा डाग सुकला की निघत नाही.

काही खटकलं, खोली गार राहते किंवा डबा पुरत नाही, तर दोन-तीन दिवसांतच घरातल्यांना थेट सांगा. तिथे सरळ बोलणं उद्धटपणा धरत नाहीत. संस्थेच्या समन्वयकाला फोन त्यानंतर. आधी तिकडून तक्रार आली की घरच्यांना ते लागतं.